कोसमफाट्यानंतरची ठकठक

१

लच्छू मडावी बोरनाल्याच्या पुलाखाली सापडला, तेव्हा त्याच्याभोवती वाघाची पावलं उमटलेली होती आणि मानेवर मोठी जखम होती. तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात वाघाच्या नावावर काहीही खपतं, कारण वाघ काही कोर्टात येऊन सांगत नाही की हे काम माझं नव्हे.

समाधान झालं नाही ते फक्त त्याच्या लेकीचं. सोमारी एका सकाळी चंद्रपूरला आमच्या घरी आली, माझ्या बायकोला शोधत. नंदिनी वकील आहे. मी कॉलेजात भूगोल शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी तिची गाडी हाकतो. आमच्या घरात देवाला आणि भुताला सारखीच मनाई. नंदिनी ती मनापासून पाळते आणि मी उजेड असेपर्यंत पाळतो.

सोमारीनं सांगितलं ते असं. लच्छूला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी चंद्रपूरला यायचं होतं. जंगलातून सकाळी एकच खासगी बस येते, तिला सगळे पांढरी म्हणतात. त्यानं आधीच तिकीट काढून ठेवलं होतं. पण पांढरीचा मालक बापूराव सीटांपेक्षा जास्त तिकिटं विकतो. कोणी ना कोणी येत नाहीच, असा त्याचा हिशेब. त्या दिवशी सगळे आले. त्यात कोसमफाट्यावर स्वतः बापूराव चढला आणि सोबत त्याचा जावई. जावयाला उभं कसं ठेवणार? मग लच्छूला खाली उतरवलं. तिसऱ्या दिवशी पुलाखाली प्रेत मिळालं. बापूराव म्हणतो, म्हातारा आपल्या पायानं उतरला, चालत पुढं गेला, वाघानं गाठला.

"माहा बाप त्या नाल्याकडं पायी जातच नाई, बाई," सोमारी म्हणाली. "त्याच्या मोठ्या भावाले तिथीच वाघानं नेलं होतं. फाट्यावर दिवसभर बसला असता, पण तिकडं गेला नसता."

तिच्या गावाची एक रीत आहे. माणूस मेला की कुळाच्या दगडांच्या ओळीत त्याचा दगड उभा करतात. वाघानं मारलेल्याला मात्र त्या ओळीत जागा नाही. त्याचा दगड शिवेबाहेर, एकट्याचा. सोमारीची आई त्या ओळीत होती. बाप बाहेर राहणार होता, आणि ते तिला सहन होत नव्हतं. तिला दुसरं काही नको होतं. बाप वाघानं मेला नाही, एवढं कोणीतरी सिद्ध करून गावाला सांगायला हवं होतं.

पोलिसांनी परत दिलेल्या कपड्यांचं गाठोडं तिनं उघडलं. त्यात लच्छूचा पिवळा दुपट्टा होता, थंडीत तो गळ्याला गुंडाळायचा. खरं तर अर्धाच होता. नंदिनीनं तो जमिनीवर पसरला, एका टोकावरून बोट फिरवलं आणि मला म्हणाली, उद्या पांढरीनं जाऊन येऊ.

मी विचारलं, आपली गाडी असताना बस कशाला?

"त्या बसमध्ये आता कोणीतरी दार वाजवतं म्हणे," ती म्हणाली. "लोक सांगून राह्यले. मले ऐकायचं हाय."

२

आदल्या दिवशी आम्ही तिकडं मुक्काम केला आणि सकाळी पांढरीत चढलो. माघातलं धुकं एवढं दाट होतं की खिडकीबाहेर सागाची झाडं आहेत हे फक्त आठवणीनंच कळत होतं. बस भरलेली होती. तरी दारामागची खिडकीची एक सीट रिकामी होती आणि माणसं तिच्याशेजारी दांडीला लोंबकळत उभी होती. मी बसायला निघालो तर एका बाईनं माझी बाही धरली.

ती दुर्गा, आरोग्य केंद्रातली नर्स, रोज याच बसनं जाणारी. ती हळूच म्हणाली, तिथं नका बसू, ती लच्छूभाऊची सीट आहे. मी लगेच मागं सरकलो. नंदिनी जाऊन बसली.

ड्रायव्हर मुखरू पन्नाशीचा, गडचिरोलीकडचाच, अबोल माणूस. त्याच्या समोर काचेपाशी कडुनिंबाची हिरवी फांदी ठेवलेली होती. नजर लागू नये म्हणून असेल, असं मला वाटलं. कंडक्टर आदेश वरोऱ्याचा, तरुण, तोंडानं तिखट. पण कोसमफाटा जवळ आला तसा तोही गप्प झाला. सगळी बसच गप्प झाली. एक बाई मुलाला थोपटत होती, तिचाही हात थांबला.

फाट्यावर बस थांबली, दोघं चढले, बस निघाली. आणि दार वाजू लागलं.

ठक, ठक, ठक. बाहेरून कोणी मुठीनं वाजवावं तसं. घाईचं नाही, पण सोडतही नव्हतं. बसचा वेग वाढला तशी ठकठकही वाढली. कोणीतरी सोबत पळत असावं तशी. मी दाराच्या काचेकडं पाहिलं. बाहेर नुसतं पांढरं धुकं होतं. मी नंदिनीच्या सीटची पाठ घट्ट धरली हे इथंच कबूल करतो. दुर्गाचे ओठ हलत होते. बाकी सगळे समोर पाहत होते, मान न वळवता.

एका वळणावर ठकठक थांबली. तिथंच बसही थांबली. मुखरू "टायर पाहून येतो" म्हणाला आणि धुक्यात उतरला. काचेपाशी ठेवलेली फांदी त्याच्या हातात होती. थोड्या वेळानं तो रिकाम्या हातानं परत आला आणि बस निघाली.

पुढं धुकं जरा विरलं आणि बोरनाल्याचा पूल लागला, जिथं लच्छू सापडला होता तो. पुलाच्या कठड्याशी वाळक्या-हिरव्या फांद्यांचा मोठा ढीग होता. आमच्या जंगलात जिथं माणूस अवचित मरतो तिथं येणाऱ्या-जाणाऱ्यानं हिरवी फांदी टाकायची असते. नाही टाकली तर मेलेला सोबत चढतो म्हणतात. आमच्या पुढची एक जीप थांबली, ड्रायव्हर उतरला, फांदी टाकून गेला. मागचा ट्रकही थांबलेला दिसला.

पांढरी मात्र पुलावर थांबली नाही. उलट मुखरूनं वेग वाढवला.

३

नंदिनीनं दुर्गाला चंद्रपूरला चहाला बसवलं. दुर्गा आधी टाळत राहिली. तिकडं दुसरी बस नाही, उद्या बापूरावनं चढू दिलं नाही तर नोकरी कशी करायची, हे तिचं भय खोटं नव्हतं. मग हळूहळू बोलली. लच्छूनं तिकीट दाखवलं होतं. जावयाला सीट देतो, मी उभा राहतो, असंही शेवटी म्हणाला होता. पण नोकरासारखा माणूस सगळ्यांदेखत तिकीट नाचवतो, याचाच बापूरावला राग आला. त्यानं आणि आदेशनं मिळून त्याला काखेत हात घालून ओढलं. लच्छूनं दांडी धरली, तर बोटं सोडवली. खाली ढकललं, दार आपटलं.

"मंग?" नंदिनीनं विचारलं.

"मंग काही दिसलं नाई, बाई. धुकं होतं. दार वाजवत होता तो, थोडा वेळ. मंग बंद झालं."

कुठं बंद झालं, हे नंदिनीनं विचारलं. दुर्गा म्हणाली, जिथं आज झालं तिथंच. तिथं बस जराशी थांबली, आदेश दाराशी वाकून काहीतरी करत होता, मग निघाली. आणि मुखरू तिथं टायर कधीपासून पाहतो? दुर्गानं आठवून सांगितलं, दुसऱ्याच दिवसापासून. तिला ते पक्कं आठवत होतं, कारण त्या सकाळी सगळे एकमेकांना विचारत होते की लच्छूभाऊ घरी पोचला का, आणि मुखरूला कोणी विचारलं तर तो उत्तर न देता खाली उतरला होता.

नंतर आदेशला गाठलं. तो म्हणाला म्हातारा राजीखुशी उतरला. दार का वाजतं विचारल्यावर चिडला. बिजागरी वाकलीय, खराब रस्त्यावर खडखडते, वळणानंतर नवा डांबरी रस्ता लागतो म्हणून थांबते, भूतबीत काही नाही. बिजागरी कधी वाकली? त्यावर त्याला अचानक काम आठवलं.

मला तर हायसं वाटलं. भुताचा निकाल लागला होता. नंदिनीला मात्र आनंद झालेला दिसला नाही. ती म्हणाली, लोखंडी दाराची बिजागरी उगाच वाकत नाही, बाहेरून कोणाचं तरी वजन त्याला लोंबावं लागतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्या गाडीनं गेलो, तेव्हा बापूराव स्वतःच्या कोसमफाट्याच्या भातगिरणीत भेटला. अंगानं आडवा, बोलायला गोड. त्यानं आमच्यासाठी खुर्च्या पुसून घेतल्या. सीटा जास्त विकतो हे त्यानं बिनदिक्कत मान्य केलं, मोठमोठ्या विमानकंपन्याही तेच करतात म्हणाला.

"कोणाले तरी उतरवाच लागते," तो म्हणाला.

"त्यालेच काऊन?" नंदिनीनं विचारलं.

बापूरावला प्रश्नच कळला नाही. त्यानं मनापासून आठवून पाहिलं, पण लच्छूच का, याचं उत्तर त्याच्यापाशी नव्हतं. नंदिनीला ते मिळालं होतं. बाहेर आल्यावर म्हणाली, ज्याच्या ओरडण्यानं काही बिघडत नाही त्यालाच उतरवतात. ती रागावली की फार शांत बोलते.

परतताना दुपारच्या उन्हात आम्ही त्या वळणावर गाडी थांबवली. साग, ऐन, मोह, मध्ये कुठं पळस. रस्त्याच्या कडेला एका साध्या दगडापाशी फांद्यांचा छोटा ढीग होता. सगळ्यात खालची पार काळी पडलेली, मग तपकिरी, मग पिवळट, आणि वर आज सकाळची हिरवीगार. सगळ्या कडुनिंबाच्या. आणि त्या रानात कडुनिंब औषधालाही नव्हता.

४

पांढरी चंद्रपूरला जिथं उभी राहते तिथं चहाच्या टपरीपाशी एक जुना कडुनिंब आहे. दुसऱ्या दिवशी मुखरू त्याच्याखाली बसून बिडी ओढत होता. नंदिनीनं त्याला भाऊ म्हणून हाक मारली आणि शेजारी बाकावर बसली.

तिनं लच्छूचं नावही काढलं नाही. या रस्त्यानं किती वर्षं चालवता, मुलं काय करतात, असलंच बोलली. मग सहज विचारलं, या वाटेवर तुमचं कोणी गेलं का? वाघ, अपघात, काही? मुखरू म्हणाला, नाही, आजवर कोणी नाही. फांदी टाकायची रीत तुम्ही पाळता का? तो म्हणाला, पाळतो ना, बापानं शिकवली, चुकलो तर गाडी हाकवणार नाही माझ्यानं. मग लच्छूलाही टाकत असाल?

"टाकतो," मुखरू म्हणाला. "पुलावर. सारेच टाकतात."

एवढं बोलून तो उठला. बिडी त्यानं अर्धीच टाकली. मला त्या माणसाची कीव आली. नंदिनी वर कडुनिंबाकडं पाहत होती. एका खालच्या फांदीवर कोवळे डहाळे रोज कोणी तोडावे तशा ताज्या-जुन्या खुणा होत्या.

घरी आल्यावर तिनं दोन फोन केले. एक तिच्या ओळखीच्या ठाणेदार ललिता कुमरे यांना, दुसरा सोमारीच्या गावात. सोमवारी बापूराव बसनं चंद्रपूरला येतो, हे तिनं शोधून ठेवलं होतं. मी विचारलं, आता काय करणार?

ती म्हणाली, मी काहीच करणार नाही, जे करायचं ते मुखरूच करतो रोज.

५

सोमवारी धुकं पुन्हा उतरलं होतं. मागच्या सीटवर साध्या साडीत ललिताताई बसल्या होत्या. लच्छूच्या सीटवर सोमारी बसली, मांडीवर तो अर्धा दुपट्टा घेऊन. मुखरूनं आरशात तिला पाहिलं आणि गाडी सुरू करायला त्याला दोनदा किल्ली फिरवावी लागली. कोसमफाट्यावर बापूराव चढला. सोमारीला तो ओळखत नव्हता. रिकामी सीट नाही बघून कपाळाला आठ्या पडल्या, पण नंदिनी दिसताच तो उभाच राहिला.

दार वाजू लागलं. आता मला बिजागरी माहीत होती, तरी काटा आला. सोमारीनं हात वर केला आणि आतून दाराच्या काचेवर तळवा टेकवला. वळण येईपर्यंत तो तसाच ठेवला.

ठकठक थांबली. बस थांबली. मुखरू फांदी घेऊन उतरला, आणि या वेळी सोमारी त्याच्यामागं उतरली. मग नंदिनी, मग मी, मग एकेक करून सगळीच बस. धुक्यात तो दगडापाशी वाकलेला होता.

"काका," सोमारी म्हणाली, "इथी कोण मेलं?"

मुखरूनं फांदी टाकली आणि तसाच बसून राहिला.

बापूराव म्हणाला, टायर बघायला थांबलो, चला. मग नंदिनी बोलली, आणि तिनं आवाज जराही चढवला नाही. लच्छू पुलाखाली मेला असेल तर फांदी पुलावर पडायला हवी. सगळा जिल्हा तिथंच टाकतो. फक्त हा माणूस, जो रीत चुकला तर गाडी हाकू शकत नाही, तो पुलावर थांबत नाही, आणि जिथं कोणी मेल्याचं कोणाला ठाऊक नाही तिथं रोज थांबतो. या वाटेवर त्याचं स्वतःचं कोणी गेलेलं नाही, हे त्यानंच सांगितलं. आणि पहिली फांदी त्यानं टाकली ती लच्छूला उतरवल्याच्या दुसऱ्या सकाळी. प्रेत अजून सापडायचं होतं. सगळी बस म्हातारा घरी पोचला का विचारत होती. तो मेला हे एकट्या मुखरूला ठाऊक होतं, आणि कुठं मेला हेही.

तिनं सोमारीच्या हातातला दुपट्टा घेतला आणि टोक सगळ्यांना दाखवलं. धागे सरळ रेषेत तुटलेले होते.

"वाघ फाडते," ती म्हणाली. "सुरीनं कापत नाई."

आदेश बसच्या पायरीवर उभा होता, तो खाली बसला. मुखरूनं आपल्या सीटखालून एक पिशवी आणायला सांगितली. मीच आणली. त्यात दुपट्ट्याचा दुसरा अर्धा होता, घडी घालून ठेवलेला.

मग मुखरूनं सगळं सांगितलं. बापूरावनं दार आपटलं तेव्हा लच्छूच्या गळ्यातल्या दुपट्ट्याचं टोक दारात अडकलं. गळ्याला वेढे होते. बस निघाली तसा तो दार वाजवत सोबत पळाला. मुखरूला वाटलं, चढू द्या म्हणून वाजवतोय. बापूराव म्हणाला, वाजवू दे, थकेल. वळणापाशी वाजणं थांबलं तेव्हा आरशात काहीतरी फरफटताना दिसलं आणि त्यानं ब्रेक मारला. दार वाकलेलं होतं, उघडेना. आदेशनं फटीतून दुपट्टा कापला. बापूराव म्हणाला, पडलाय, उठेल, चल.

दुपारी परत येताना मुखरू आणि आदेशला तो तिथंच मिळाला. उठला नव्हता. बापूरावला फोन केला, त्यानंच नाल्याचं सुचवलं. तिथं वाघ फिरतो हे सगळ्यांना माहीत होतं.

"म्या उचलला त्याले," मुखरू सोमारीला म्हणाला. "तुह्या बापाचं अंग हलकं होतं, पोरी. फांदी नसती टाकली तर तो रोज चढला असता गाडीत. म्या टाकली, तरी चढला."

बापूराव म्हणाला, मी फक्त दार लावलं. हे तो पुढं पोलीस ठाण्यातही म्हणत राहिला, आणि मला वाटतं त्याला ते खरंच वाटत होतं.

ललिताताई पुढं झाल्या. पण सोमारी त्या तिघांकडं पाहतच नव्हती. ती बाकीच्यांकडं वळली होती, दुर्गाकडं, मुलाला थोपटणाऱ्या बाईकडं, दांडीला लोंबकळणाऱ्या माणसांकडं.

"ठकठक तुमाले आयकू आली होती ना?" तिनं विचारलं.

दुर्गा म्हणाली, आली होती. मग दुसरा म्हणाला. मग सगळ्यांनीच माना हलवल्या.

"मंग कोणी थांबवा काऊन नाई म्हटलं?"

त्या दिवशी बसमधल्या प्रत्येकाला वाटलं होतं की दुसरं कोणीतरी म्हणेल.

६

फाल्गुनात, मोहाची फुलं पडायला लागली तेव्हा, सोमारीच्या गावानं लच्छूचा दगड उभा केला. ठाणेदारांचं पत्र जाणत्यांना वाचून दाखवलं होतं. पण त्यांनी ते अर्धवटच ऐकलं. जोडलेला पिवळा दुपट्टा पाहिला आणि म्हणाले, ओळीत घ्या. आईच्या दगडाशेजारी खड्डा खणला. सोमारीला मी पहिल्यांदाच रडताना पाहिलं, आणि मलाही आवरलं नाही. नंदिनीनं मला रुमाल दिला आणि तो परत मागितला, कारण तिलाही लागत होता.

दगड उभा होत असताना शिवेकडून माणसं येताना दिसली. दुर्गा पुढं होती. मागं बसमधली ती बाई, मूल कडेवर, आणि दांडीला लोंबकळणारे सगळे. पांढरी आता पोलीस ठाण्याच्या आवारात उभी आहे, म्हणून ती माणसं फाट्यापासून पायी आली होती. प्रत्येकाच्या हातात हिरवी फांदी होती. मांडवाच्या बाहेर येऊन ती सगळी उन्हात थबकली. आत पाऊल टाकायला कोणी धजेना. गावकरी सोमारीकडं बघू लागले, कारण आत बोलवायचं की नाही हे तिनंच ठरवायचं होतं.

सोमारीनं त्यांच्या हातातल्या फांद्यांकडं पाहिलं. मग ती उठली, चटईवरची आपली पिशवी उचलून बाजूला ठेवली आणि हातानं चटई झाडली.

"या," ती म्हणाली. "बसा. जागा हाय."